चाकणची नोकरी सोडून पाण्याच्या कामात जाऊ का?

चाकणवाला: वय 36, मेकॅनिकल. अकरा वर्षं गाडीच्या सीटखालचे ब्रॅकेट डिझाइन करतोय. गेले सात महिने एका ब्रॅकेटमधून 40 ग्रॅम वजन कमी करण्यात गेले. झालं एकदाचं, केकही कापला. त्याच आठवड्यात गावी (पुरंदर तालुका) गेलो. घरात नळ, गावात टाकी, आणि आई टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभी.

एका संस्थेने पाण्याच्या कामासाठी विचारलंय, पगार निम्म्याहून कमी. आमच्याच तालुक्यात 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे नायगावला आले आणि पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या हिशोबाने नाही, माणशी. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. तेही इंजिनिअरच होते. शिकलेलं असं कामी यावं, असं माझं मत. बोला.

खडूसकाका: साळुंख्यांचं उदाहरण अर्धंच दिलंस. आधी पुण्यात कारखाना उभा केला, मग नायगाव. तुझ्याकडे कारखाना नाही, गृहकर्जाचा हप्ता आहे. आणि ब्रॅकेटला नावं ठेवू नकोस. धडक बसल्यावर सीट जागची हलली नाही, म्हणून कुणीतरी संध्याकाळी घरी जेवायला बसतो. तो तुला भेटायला येत नाही, एवढंच.

चाकणवाला: काका, ब्रॅकेट आधीही मजबूतच होता. मी फक्त स्वस्त केला.

तोटी_नसलेला_नळ: मी सिव्हिल, आठ वर्षं ग्रामीण पाणीपुरवठ्यात. कागदावर माणशी रोज 55 लिटर. एका गावात शेवटच्या वस्तीला पाणी पोचत नव्हतं. सगळ्यांचं एकच, पंप मोठा करा. दोन दिवस व्हॉल्व्हमनच्या, म्हणजे आळीआळीला पाणी सोडणाऱ्याच्या, मागे फिरले. वरच्या आळीत निम्म्या नळांना तोट्याच नाहीत, पाणी गटारात. तीन घरांनी थेट लाइनला मोटर लावलेली, त्यातलं एक ग्रामपंचायत सदस्याचं. पंपाला काही झालं नव्हतं.

यात इंजिनिअरिंग किती? चिमूटभर. बाकी ग्रामसभा, पाणीपट्टीची वसुली, थकलेलं वीजबिल आणि मोटर काढायला लावल्यावर खाल्लेल्या शिव्या. तुमच्यासारखे दोघे आले होते. फोटो छान काढले, सहा महिन्यांत परत.

खडूसकाका: तेच म्हणतोय मी.

तोटी_नसलेला_नळ: नाही, तुम्ही येऊ नको म्हणताय. मी म्हणतेय, आईच्या हंड्यासाठी येऊ नको. मोजमापाची खोड असेल तर ये. आमच्याकडे अंदाजपत्रकं करणारे ढीगभर, पाइपात दाब किती आहे हे जागेवर जाऊन बघणारा सापडत नाही.

दोघांचा_संसार: माझ्या नवऱ्याने तीन वर्षांपूर्वी आयटी सोडून शाळेत शिकवायला घेतलं. आता शांत झोपतो, खोटं कशाला बोलू. पण मेडिक्लेम गेला, आणि पोराची फी माझ्या पगारातून. लोक त्याचा सत्कार करतात, नारळ त्याला मिळतो. मूळ पोस्ट दोनदा वाचली. आई आहे, साळुंखे आहेत, बायकोचा पत्ता नाही. आहे ना?

चाकणवाला: आहे. बँकेत आहे. रविवारी बोलतो म्हणून दोन रविवार गेले.

खडूसकाका: घ्या!

चाकणवाला: (नऊ दिवसांनी) बोललो. राजीनाम्याचं नाव काढू नको, आधी सहा महिने शनिवार-रविवार जाऊन बघ, म्हणाली. काल दोघंही गावी होतो. प्रेशर गेज विकत घेतला. टाकीच्या पायथ्याशी दाब 1.2 किलो, आमच्या आळीत काटा हललाच नाही. मध्येच कुठेतरी लाइन फुटलीय, माझी खात्री आहे.

तोटी_नसलेला_नळ: गेज लावला तेव्हा तुमच्या आळीचा व्हॉल्व्ह उघडा होता का?

चाकणवाला: ...विचारलं नाही.

तोटी_नसलेला_नळ: मग शनिवारी परत जा. व्हॉल्व्हमनला घेऊन.