विशेष शिक्षकाची नोकरी: निवासी शाळा, समग्र शिक्षा की थेरपी सेंटर? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

विशेष शिक्षणातलं डी.एड. (बौद्धिक अक्षमता) यंदा पूर्ण झालं, आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषद) सीआरआर नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांकही आला. घर विट्याजवळ. तीन ठिकाणी बोलणं चालू आहे आणि घरात रोज नवा सल्ला मिळतोय, म्हणून इथे विचारते.

पहिली, तालुक्याच्या गावची मतिमंद मुलांची निवासी शाळा (पाटीवर अजून तेच नाव आहे). संस्थाचालक म्हणतात, अनुदानित आहे, तुमच्या नेमणुकीला सरकारी मान्यता आज ना उद्या येईल, तोवर मानधन घ्या. आईबाबांचा कल इकडेच. दुसरी, समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतली कंत्राटी जागा. नाव तालुक्याच्या गटसाधन केंद्रात, काम मात्र झेडपीच्या शाळांत आणि ज्यांना शाळेत आणताच येत नाही अशा मुलांच्या घरी. तिसरं पुण्यातलं खासगी थेरपी सेंटर. पगार तिघांत बरा, खोलीभाडं वजा केलं की तेवढाच. पाऊण तासाचं सेशन, ते संपेपर्यंत पुढचे पालक दारात.

मन दुसऱ्या जागेकडे ओढतंय. सरावपाठाच्या वेळी वसतिगृहातला एक मुलगा स्वतः नाडी बांधायचा, ताट धुऊन पालथं घालायचा. दिवाळीच्या सुट्टीहून आला तो नुसता उभा, कुणीतरी भरवेल म्हणून. घरी आजी भरवत होती, आई कपडे चढवत होती. याला हे येतं, हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. शिवाय वसतिगृहात नळ, घरी रांजण आणि तांब्या. घरच्याच मोरीत शिकवलं तर टिकेल, असं मला वाटतं. पण आठवड्यातून तासभर जाऊन काय होणार?

गृहाधारित शिक्षणात काम केलेल्यांना खरंच फरक दिसला का? आणि 'अनुदानित' या शब्दावर किती विसंबायचं?

प्रतिसाद
ताई, माझी नोकरी निवासी शाळेतच गेली. शाळा अनुदानित असली म्हणजे तुमचं पद अनुदानित असतंच असं नाही. पद मंजूर आणि रिक्त आहे का, भरतीची परवानगी आहे का, हे कागदावर बघा. वैयक्तिक मान्यता निघाल्याशिवाय सरकारी पगार सुरू होत नाही, त्यात वर्षं गेलेली माणसं मी पाहिली आहेत. कुणी 'देणगी' म्हणालं तर चहासुद्धा घेऊ नका. शाळा बघायला जेवणाच्या वेळी जा. रात्री किती मुलांमागे एक काळजीवाहक असतो आणि फिट आली तर गाडी कुणाची, ते विचारा. उत्तर देताना कोण कुणाकडे बघतं, त्यावरून कळतं.

प्रतिसाद
गृहाधारितवर मी आहे. फरक दिसतो, पण आठवड्याचा तो तास मुलासाठी नाही, आईसाठी धरायचा. एकच गोष्ट घ्यायची, तांब्या तर तांब्याच, आणि पुढच्या खेपेला आईने करून दाखवायचं. तुमच्या भागात वडील गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्याला परराज्यात, आई द्राक्षबागेत. म्हणजे वेळ तिच्या सोयीने. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), निरामय आरोग्य विम्याचा (1 लाखाचा) फॉर्म, हेही तुमच्याच गळ्यात पडणार. बरंच आहे, त्या कागदांमुळेच घरचे दार उघडतात.

कंत्राटाची टांगती तलवार आहेच. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला सांगितलं, आणि 2022 मध्ये केंद्राने प्राथमिकला 10 आणि उच्च प्राथमिकला 15 दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवलं. म्हणजे गरज कायमची आहे, आपली ऑर्डर तेवढी नाही. आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातला मोफत शिक्षणाचा हक्क 6 ते 18 वर्षांपर्यंत. पुढे काय, हे पालक पहिल्या भेटीतच विचारतात. जवळची प्रौढांची कार्यशाळा आणि नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेमार्फत मिळणारं कायदेशीर पालकत्व यांची माहिती आधीच काढून ठेवा.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. गुरुवारी शाळेत जेवणाच्या वेळीच जाते. मंजूर पदांचा कागद संस्थेकडे मागू की झेडपीच्या समाजकल्याणकडे?

प्रतिसाद
दोन्हीकडे. आधी झेडपीत जा, मग संस्थेत.