हात जोडले, पुढे काय?

गोळीबारासारख्या घटनेनंतर नेते "आमच्या प्रार्थना तुमच्यासोबत आहेत" म्हणतात आणि लोक त्याची टिंगल करतात. त्यावर एकांनी लिहिलंय की प्रार्थनेने कुणाचं काही बिघडत नाही, मग तिची टिंगल कशाला. सामान्य माणसापुरतं हे मला पटतं. ज्याच्या हातात काहीच नाही त्याने हात जोडले, तर त्याला हिणवण्यात कसला आलाय मोठेपणा? शोकात बुडालेल्यांना चार शब्दांचाही आधार वाटतो.

पण कायदे करणं ज्यांच्या हातात आहे, त्यांचं काय? डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सँडी हूक शाळेत २० मुलं आणि ६ प्रौढ गोळीबारात मारले गेले. दोन्ही पक्षांनी शोक केला. एप्रिल २०१३ मध्ये बंदूक घेणाऱ्यांच्या पार्श्वभूमीची तपासणी वाढवणारी दुरुस्ती सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, आली. बाजूने ५४, विरोधात ४६. तरीही ती पडली, कारण तिथल्या नियमाप्रमाणे नुसतं बहुमत पुरेसं नव्हतं, ६० मतं हवी होती. उलट न्यूझीलंडमध्ये १५ मार्च २०१९ ला क्राइस्टचर्चच्या मशिदींवर हल्ला झाला आणि महिन्याच्या आत बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक (प्रत्येक गोळीनंतर पुढची आपोआप भरणाऱ्या) बंदुकांवर बंदी आली. प्रार्थना तिथेही झाल्याच की! त्या कायद्याच्या आड आल्या नाहीत.

मला जास्त खटकतं ते "ही दुखवट्याची वेळ आहे, आत्ता राजकारण नको" हे पालुपद. दुखवटा संपेपर्यंत कॅमेरे निघून गेलेले असतात, आणि हे बोलणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. म्हणून श्रद्धांजली वाहणाऱ्या नेत्याला देवाधर्मावरून डिवचू नये. बंदुकांवरच्या विधेयकावर तुम्ही कोणत्या बाजूने मत दिलंत, एवढंच विचारावं.