मदत हवी आहे: ‘लव्ह’ला यमक सुचवा

मंडळी, भाचीच्या संगीतासाठी आम्ही मावश्या एक गाणं बसवतोय. नवरदेवाकडच्यांना मराठी येत नाही, म्हणून कडवी इंग्रजीत. लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय आणि दर दुसरी ओळ ‘लव्ह’वर येऊन थांबते.

इतका वापरातला शब्द, पण अचूक यमकं मोजकीच: अबव्ह, डव्ह, ग्लव्ह, शव्ह. आकाश आणि कबुतर झालं की संपलं. लग्नाच्या गाण्यात हातमोजा कुठे घालू? आणि ढकलाढकली तर नकोच! मूव्ह, प्रूव्ह कागदावर जुळतात, कारण शेवटची तीन अक्षरं तीच. पण गाताना ‘ऊ’ लांबतो आणि कानाला लगेच खटकतं. स्टोव्हचंही तसंच.

म्हणून आता जवळपासच्या यमकांकडे वळलेय. इनफ, टफ, रफ यांत स्वर तोच, फक्त ‘व्ह’च्या जागी ‘फ’. ढोलकीच्या ठेक्यात खपून जाईल असं वाटतं. सन, कम, टच यांत नुसता स्वर जुळतो, ओळीच्या शेवटी ते तोकडे पडतात. मधेच चव, दव असे मराठी शब्द आणले तर? मला तरी ते ‘टच’पेक्षा गोड वाटतात.

कुणी इंग्रजी गाणी लिहीत असेल तर सांगा: ‘लव्ह’ ओळीच्या मध्ये सरकवून शेवटी ‘हार्ट’ आणू का? त्याला स्टार्ट, पार्ट, आर्ट असे भरपूर जोडीदार आहेत. चाल मात्र ठरलेली आहे, शेवटी लांब शब्द बसत नाही.