मारुती ८०० (१९९७, कार्ब्युरेटर): हेड गॅस्केट करू की इंजिनच बदलू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय कारण डोकं चालेनासं झालंय. गाडी आमच्या अण्णांची, मारुती ८००, ९७ची, पांढरी, चार गिअर, एमएच १० पासिंग. मीटर १,३४,००० दाखवतोय पण मधे दोन वर्षं केबल तुटलेली होती त्यामुळे ते काही खरं धरू नका.

झालं असं की गेल्या महिन्यात चिपळूणला लग्न होतं, येताना कुंभार्ली घाट चढताना अर्ध्यात टेंपरेचरचा काटा वर जायला लागला, मला वाटलं घाट आहे होईल खाली, अण्णा म्हणत होते थांबव थांबव आणि मी पुढच्या वळणावर थांबवतो करत तीन वळणं घालवली (इथेच माती खाल्ली). बॉनेट उघडलं तर वाफ, आणि रेडिएटरचा फॅन गप्प. अर्धा तास थांबून, ओलं फडकं टाकून झाकण काढलं, पाणी भरलं, हेळवाकला परत भरलं, कसेबसे घरी आलो.

तेव्हापासून सकाळी चोक ओढून स्टार्ट केली की पांढरा धूर येतो, आयडलला मिसिंग मारते (तीन सिलिंडरची गाडी तशी हलतेच पण हे हलणं वेगळं आहे, गिअरचा दांडा थरथरतो), पिकअप गेलाय, आणि दोन दिवसांत अर्धा लिटर पाणी गायब, खाली एक थेंब नाही. डिपस्टिकला तेल मात्र स्वच्छ, दुधाळ अजिबात नाही.

आमचे मिस्त्री म्हणतात तेलात पाणी नाही म्हणजे गॅस्केट (इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) ओके, इंजिनच संपलंय, याला हात लावला तर खर्च कुठे थांबेल सांगता येत नाही, त्यापेक्षा २२ हजारात सेकंडहँड इंजिन बसवून देतो, ओम्नीचं पण चालेल, सेमच असतं.

मला जेवढं माहितेय ते असं की हे एफ८बी इंजिन, ७९६ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८.५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७२ मिमी, एकच कॅमशाफ्ट, सहा व्हॉल्व, ब्लॉक लोखंडी आणि हेड ॲल्युमिनियमचं. ताकद चाळिशीच्या आतच, पण गाडीचं वजनच साडेसहाशे किलोच्या आसपास म्हणून पळते. हे इंजिन ८६च्या मॉडेलपासून (त्याआधी ८३ची एसएस८० पण ७९६चीच) थोडेफार बदल होत शेवटपर्यंत, म्हणजे २०१४ला गाडी बंद होईपर्यंत चाललं, मग ते एका घाटात संपेल का हो? की संपतं? गाडी विकायची नाहीये हे आधीच सांगतो, अण्णा त्या विषयावर जेवण सोडून उठतात.

दहाचा_पाना:
भाऊ, इंजिन संपलंय हे कान लावून ठरवलं का? आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधे तयार होणारा दाब) मोजा, गेज कुठल्याही बऱ्या गॅरेजात असतं. इंजिन गरम करून तिन्ही प्लग काढायचे, कॉइलची वायर काढायची, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाच-सहा वेळा फिरवायचं, तिन्ही आकडे लिहून काढा. मग प्रत्येक सिलिंडरमधे चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजा. आकडा चांगला वर आला तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची आतली भिंत (बोअर) गेलेत, तेल काही काळ फट बुजवतं म्हणून वाढतो. नाही वाढला तर भानगड वर आहे, व्हॉल्व नाहीतर गॅस्केट.
आणि तेल दुधाळ नाही म्हणजे गॅस्केट ओके हे चूक आहे. गॅस्केट दोन सिलिंडरच्या मधेही फुटतं, सिलिंडर आणि पाण्याच्या वाटेमधेही फुटतं, तेलाच्या वाटेपर्यंत फूट गेली तरच दूध. थंड इंजिनवर रेडिएटरचं झाकण काढून स्टार्ट करा, बुडबुडे येत राहिले तर उत्तर मिळालं.

जुनी_चाकं:
ओम्नीचं सेम असतं हे अर्धं खरं आहे. इंजिन एफ८बीच, पण ओम्नीत ते सीटखाली उभं बसवलेलं आणि मागची चाकं फिरवणारं, ८००मधे आडवं आणि पुढची चाकं. माउंटिंग, मॅनिफोल्ड सगळी अदलाबदल करत बसाल. शिवाय इंजिन बदललं की नंबर बदलतो, तो आरटीओत आरसीवर चढवावा लागतो, नाहीतर पुढच्या पासिंगला इन्स्पेक्टर चेसिस-इंजिन नंबर बघतो तेव्हा बोंब. आणि २२ हजाराचं ते इंजिन कुठल्या घाटातून आलंय कोणाला ठाऊक.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. रविवारी दुसऱ्या गॅरेजला नेली. कॉम्प्रेशनचे आकडे (पीएसआयमधे): एक नंबर १६५, दोन नंबर १०५, तीन नंबर १००. तेल टाकून दोन आणि तीन जेमतेम पाच-पाचने वाढले. रेडिएटरमधे बुडबुडे आहेत, सोडा वॉटरसारखे.

दहाचा_पाना:
शेजारशेजारचे दोन एकदम पडलेत आणि तेलाने उठत नाहीत, म्हणजे दोन-तीनच्या मधली गॅस्केटची पट्टी गेलीय. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगतं, बोल्टनी खाली आवळलेलं असतं, जादा तापलं की हेडला जायला जागा नाही, मग ते वाकतं. तुमचा एक नंबर १६५ देतोय याचा अर्थ बोअर-रिंगा ठीक आहेत, खालचं काम उघडायचंच नाही. फक्त हेड उतरवा, पण फेसिंग (हेडची खालची बाजू मशीनवर सपाट करणं) केल्याशिवाय नवीन गॅस्केट टाकू देऊ नका, दोन महिन्यांत परत येईल. उघडलंच आहे तर टायमिंग बेल्ट, टेन्शनर, कॅमचं ऑइल सील, व्हॉल्व सील बदलून घ्या, मजुरी तीच. आणि फॅन का बंद होता ते शोधलं का? ते नाही केलं तर बाकी सगळं पाण्यात.

सकाळचा_चोक:
थोडं अवांतर. आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतंय, जुन्या रबराला ते मानवत नाही. कार्ब्युरेटरचं किट आणि पेट्रोलचे पाइप याच फेरीत बदला. माझ्या ९९च्या गाडीचा पाइप बोटांनी दाबला तर च्युइंगगमसारखा झाला होता, खाली एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, विचार करा.

धागाकर्ता:
हेड उतरवलं, मी स्वतः उभा होतो. या गॅरेजच्या मिस्त्रींनी हेडवर स्टीलची पट्टी आडवी ठेवली आणि खालून फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचं) पान सरकवलं, कडेला जात नव्हतं, दोन-तीनच्या मधे ०.१५ मिमीचं पान आरामात गेलं. मॅन्युअलप्रमाणे ०.०५च्या वर चालत नाही म्हणे. गॅस्केटची त्या जागची पट्टी काळी पडून खाल्ल्यासारखी, नखाएवढी फट. बोअरला मात्र रेघ नाही, वर पायरीपण लागत नाही बोटाला. अण्णांनी चष्मा लावून तिन्ही बोअरमधे बघितलं आणि काहीच बोलले नाहीत, मला तेवढं पुरलं.

फॅनचा उलगडा पण झाला, थर्मो स्विचचा (पाणी तापलं की फॅन चालू करणारा) कनेक्टर गंजून पिन तुटलेली. आणि थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व) जागेवर नाहीच, कोणीतरी कधीतरी काढून टाकलाय "गाडी थंड राहते" म्हणून. म्हणजे सकाळी ती गरमच व्हायची नाही, आम्ही चोक ओढून ठेवायचो, वरून इतकी वर्षं नळाचं पाणी, ब्लॉकमधून जे बाहेर आलं ते विटेच्या रंगाचं होतं. गाडीची काय चूक सांगा.

हेड फेसिंग, व्हॉल्व ग्राइंडिंग, गॅस्केट किट, बेल्ट, थर्मोस्टॅट, स्विच, कूलंट, पेट्रोल पाइप सगळं धरून ९,४०० झाले. काल बसवली, कॉम्प्रेशन १७०, १६५, १६५. धूर नाही, दांडा शांत. एकच विचारायचं राहिलं, मिस्त्री म्हणतात पाचशे किमीला आणून टॅपेट (व्हॉल्वची फट) परत सेट करून घ्या, हेड बोल्टना पण तेव्हा परत टॉर्क द्यायचा (ठरलेल्या जोराने आवळायचं) असतो का, की ते आता हलवायचे नाहीत?