मदत हवी आहे : बाबांची मारबतीची साइट बंद व्हायच्या आत उतरवून घ्यायची आहे

नमस्कार मंडळी,

बाबांनी २००३ साली एक साइट केली होती. विषय एकच, नागपूरची मारबत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी (तान्ह्या पोळ्याला) ईडा पीडा घालवायला निघणारी पुतळ्यांची मिरवणूक. तान्ह्या पोळ्याला सकाळीच जागनाथ बुधवारीत जाऊन उभे राहायचे. पिवळ्या मारबतीच्या पुतळ्याचे, बडग्यांचे (चालू प्रश्नांवर टीका करणाऱ्या पुतळ्यांचे) फोटो काढायचे आणि कोणत्या बडग्याच्या गळ्यात काय पाटी होती तेही लिहून ठेवायचे. (महागाईचा बडग्या कधी चुकला नाही.) बाबा आता नाहीत. होस्टिंगवाले महिनाअखेर जुना सर्व्हर बंद करताहेत, आणि पासवर्ड घरात कुणालाच माहीत नाही.

एचटीट्रॅकने (अख्खी साइट उतरवून घेणारं सॉफ्टवेअर) २१४ पानं उतरवली. लहान फोटो आले, पण मोठे जावास्क्रिप्टने वेगळ्या खिडकीत उघडतात, ते आलेच नाहीत. वेबॅक मशीनवरही (जुन्या साइटींच्या प्रती जपणारी साइट) त्यांच्या जागी रिकामे चौकोन.

खरी डोकेदुखी मजकुराची. सगळा शिवाजी या जुन्या फॉन्टात आहे, युनिकोडात (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) नाही. फॉन्ट नसला की ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ऐवजी इंग्रजी अक्षरं आणि कंसांची भेळ दिसते. मी साधं शोधा-बदला करून पाहिलं, तर ‘पिवळी’ची ‘िपवळी’ झाली. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी टाइप व्हायची, युनिकोडात ती नंतर येते. रफाराचं उलटं, ‘दर्शन’चं ‘दशर्न’. वर फोटोंच्या फाइलींची नावंही देवनागरी झाली आणि होत्या त्या लिंकाही तुटल्या!

२१४ पानं हाताने सुधारत बसू का? कुणी केलंय का असं?

प्रतिसाद
हाताने काहून करता राजेहो! पानाच्या सोर्समध्ये जिथे फॉन्टचं नाव शिवाजी आहे तेवढाच तुकडा बदला, टॅगला (कंसातल्या कोडला, त्यातच फाइलींची नावं असतात) हात लावू नका. मग वेलांटी पुढच्या अक्षरानंतर आणि रफार मागच्या अक्षराआधी नेणारी छोटी स्क्रिप्ट चालवा. जोडाक्षर आलं तर अख्खं जोडाक्षर ओलांडायचं, नाहीतर ‘स्थिती’ फसते. मूळ पानं फॉन्टसकट वेगळी ठेवा, पुढे पडताळायला लागतात. मोठ्या फोटोंचे पत्ते त्या जावास्क्रिप्टमध्येच असतील. यादी करून डब्ल्यूगेटला (दिलेल्या पत्त्यांवरच्या फाइली उतरवणारा प्रोग्राम) द्या. हे आधी करा, फॉन्टचं काम सर्व्हर गेल्यावरही होईल.

धागाकर्ता
खूप आभार! यादीने बहुतेक मोठे फोटो आले. एका वर्षाचे पत्ते मात्र चुकीचे निघाले. त्या वर्षी बाबांनी फाइलींना आकडे न देता बडग्यांची नावं दिली होती, ती अंदाजानेच टाकून बघावी लागतील. ‘महागाई२’पासून सुरू करतो.