मदत हवी आहे: टर्बो ऑटोमॅटिक की होंडा सिटी? रविवारच्या आत सांगा

बालाघाट_८६: दोन जुन्या गाड्या बघितल्यात. एक जर्मन, १.२ टर्बो, ऑटोमॅटिक, लाल. दुसरी होंडा सिटी पेट्रोल. किंमत जवळपास सारखीच. लालवाली मांजरसुंब्याच्या घाटात चालवली, वळण संपता संपता पाय दाबला की पाठ सीटला चिकटते. घरचे सिटी म्हणतात. रविवारी टोकन द्यायचंय. कोणती घेऊ?

परभणीकर: साल? रीडिंग? बजेट? रोजचं चालवणं किती? एवढ्यावर कोण काय सांगणार.

शेतकरी_पुत्र: दोन्ही सोडा, डिझेल घ्या. माझी २ लाख ३० हजार झाली, अजून इंजिन उघडलं नाही.

बालाघाट_८६: डिझेल नकोय. लाल २०१४ ची, ७८ हजार. सिटी २०१५ ची, ९१ हजार. लालचं नाव लिहीत नाही, मालक इथं वाचत असतो.

गॅरेजवाला_नांदेड: लालवाली सात गिअरची आहे का? मग ड्राय डबल क्लच असेल. त्यात दोन क्लच असतात, एक विषम गिअरांचा, दुसरा सम गिअरांचा. ऑइलमध्ये बुडलेले नसतात, त्यामुळं रांगत्या ट्रॅफिकमध्ये तापतात. आपल्याकडं मे महिन्यात ४२-४३ अंश असतं, त्यात अजून. पहिल्यावरून दुसऱ्यावर पडताना थरथरते का? चढावर रिव्हर्स घेतली का?

बालाघाट_८६: हो, सात गिअर. थोडी थरथरते. मालक म्हणाला, थंड असली की होतं.

गॅरेजवाला_नांदेड: उलट आहे दादा. तापल्यावर जास्त थरथरली तर क्लच गेलेत असं समजा. मेकाट्रॉनिक, म्हणजे गिअर-क्लच चालवणारं कंट्रोल युनिट, गेलं तर खर्च लाखाच्या पुढं.

वेगवेडा: उगी भीती घालू नका. मी तसलीच गाडी पाच वर्षं चालवतोय, काही झालं नाही. नीट चालवता आली पाहिजे.

रेणापूर_रोड: तुम्ही पुण्यात राहता. माझी बर्दापूर फाट्यावर रात्री साडेअकराला बंद पडली. मीटरवर गिअरचं अक्षर लुकलुकायला लागलं, मग ना पुढं ना मागं. टोइंगवाला पहाटे तीनला आला. गाडी संभाजीनगरला १९ दिवस पडून होती, पार्ट येईना म्हणून.

ऊसवाला: टर्बोला ई२० चालतं का ते आधी बघा. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांचे रबरी पाइप, सील २० टक्के इथेनॉलसाठी बनवलेले नाहीत.

परभणीकर: इथेनॉल तुमच्याच उसाचं ना? मायलेज आमचं पडतंय.

ऊसवाला: मायलेज कमी होणारच, इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी असते. पण कारखान्याचं बिल वेळेवर यायला लागलं ते त्याच्यामुळंच, तेवढं मान्य करा.

परभणीकर: विषय गाडीचा आहे. बालाघाट, रोज कुठं जाता ते अजून सांगितलं नाही.

बालाघाट_८६: लिहायचं राहिलंच. मी भूलतज्ज्ञ आहे. केज, धारूर, रेणापूर, कधी लातूर. रात्री सिझेरियनचा फोन आला की अर्ध्या-पाऊण तासात टेबलाशी असावं लागतं.

रेणापूर_रोड: डॉक्टरसाहेब, हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं. सिटी घ्या.

वेगवेडा: मग सिटी. मी बोललो ते शौकाच्या गाडीबद्दल.

बालाघाट_८६: मन मानत नाही. सात वर्षं अल्टो चालवली, पहिल्यांदाच मनासारखी गाडी हाताला लागली होती. थरथर किरकोळ निघाली तर?

गॅरेजवाला_नांदेड: आधी स्कॅन करा. गिअरबॉक्सच्या बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लागेल, साधा इंजिनचा चालणार नाही. अर्धा तास गर्दीत चालवा, मग चढावर रिव्हर्स घ्या. कोड निघाला तर टोकन देऊ नका.

बालाघाट_८६: उद्या सकाळी जातो. अंबाजोगाईत असा स्कॅनर कुणाकडं आहे का?

योगेश्वरी_नगरी: माझ्याकडं आहे सर. सातला मंदिराच्या कमानीपाशी थांबतो.

शेतकरी_पुत्र: सिटी घेतली तर सीएनजी बसवू नका, डिकी जाते.