लायन टेल्ड मकाक आणि धनेश, जंगलासाठी दोघांचं काम सारखंच का?

रानभूल: डिसेंबरात तमिळनाडूतल्या वालपराईला चाललोय, लायन टेल्ड मकाक (सिंहासारख्या शेपटीचं माकड) आणि मोठा धनेश पक्षी दोन्ही बघायचेत. दोघंही उंच झाडांवर राहणारे, दोघंही फळं खाणारे, मग बिया पसरवायचं काम पण सारखंच करतात का, की एकाचं जास्त?

झाडपाला: खूप फरक आहे. माकड फळं गालाच्या पिशवीत भरतं आणि थोडं पुढे जाऊन बी थुंकतं, बऱ्याच बिया तर चावून खाऊनच टाकतं, कुलेनिया नावाच्या झाडाच्या बिया त्याला फार आवडतात. धनेश फळ अख्खं गिळतो, गर पचला की बी ओकून टाकतो, पण तोवर कुठल्या कुठे उडून गेलेला असतो. रानजायफळाची एवढी मोठी बी गिळणं लहान पक्ष्यांना जमतच नाही. म्हणून लांबवर बी न्यायची तर माझं मत धनेशाला.

सह्यवेडी: बियांचं पटलं, पण माकडाची बाजू पण बघा ना. धनेश आपल्या सिंधुदुर्गात दिसतो, गोव्यात, दांडेलीला, पार अरुणाचलपर्यंत आणि पुढे सुमात्रालाही आहे. हे माकड मात्र अख्ख्या जगात फक्त सह्याद्रीत, ते पण कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू एवढ्यातच. वालपराईत चहामळ्यांमुळे जंगलाचे तुकडे झालेत, धनेश मळ्यावरून उडून पलीकडे जातो पण माकडाला फांदीला लागून फांदी हवी, नाही मिळाली की रस्त्यावर उतरतं आणि गाडीखाली येतं. म्हणून तिथे झाडाला झाड जोडणारे पूल टांगलेत, ते नक्की बघा. आणि केरळातल्या सायलेंट व्हॅलीतलं धरण रद्द होऊन १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, त्या लढ्यात हेच माकड सगळ्यात पुढे होतं, त्याच्यामुळे अख्खं जंगल वाचलं.

झाडपाला: हो, ते खरंच मोठं काम. पण उडता येतं म्हणून धनेशाचं सगळं भागतं असं नाही. त्याला ढोली लागते, ती पण जुन्या जाडजूड झाडातली. मादी स्वतःला आत कोंडून घेते, फक्त एक फट ठेवते, आणि पिल्लू जरा मोठं होईपर्यंत नर तिथून भरवत राहतो. ढोलीचं झाड तोडलं की नवीन झाड तेवढं व्हायला कित्येक पिढ्या जातात, तिथे पूल बांधून भागत नाही.

सह्यवेडी: @रानभूल, गाडी एकदम हळू चालवा आणि माकडांना काहीही खायला देऊ नका प्लीज, खाण्यासाठीच ती रस्त्यावर येऊन बसतात. धनेशासाठी फळं लागलेलं उंबर किंवा वडाचं झाड शोधा, पंखांचा आवाज लांबूनच येतो.